मिठावर आलेलं पाणी
ऊडनाडाटा ट्रॅकच्या लाल धुळीत दिवसभर गाडी हाकली की विल्यम क्रीक लागतं: एक हॉटेल, मोजकी घरं आणि धावपट्टी. तिथून छोट्या विमानात बसायचं ते काटी थांडा-लेक एअर पाहायला. समुद्रसपाटीहून सुमारे १५ मीटर खाली असलेलं, दक्षिण ऑस्ट्रेलियातलं हे सरोवर बहुतेक वर्षं मिठाचं पांढरं मैदानच असतं. १९६४ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेलने त्यावर ताशी ६४८ किलोमीटर वेगाने मोटार पळवली होती! पण दूर क्वीन्सलँडात पाऊस कोसळला की ते पाणी डायमँटिना नदीतून, कधी कूपर क्रीकमधून, शेकडो किलोमीटर वाळवंट तुडवत कित्येक आठवड्यांनी इथे पोचतं. पुढे समुद्राकडे वाट नाही. येतं ते इथेच आटतं. त्या पाण्यामागोमाग पेलिकन येतात, हजारोंनी. एवढ्या लांबून त्यांना खबर कशी लागते, हा विचार विमानातही पाठ सोडत नाही. काठावर उभं राहून यातलं फारसं उमगत नाही, इतका पसारा मोठा. इथल्या मूळ रहिवासी अराबाना लोकांसाठी ही भूमी पवित्र आहे. सरोवराच्या तळावर पाऊल ठेवू नका, असं ते सांगतात. तुम्ही गेलात तर वरूनच डोळे भरून पाहा, मिठावर चालायचा हट्ट धरू नका.