शोकेसमधली बाटली म्हणजे परत न गेलेली बाटली

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. ज्यांच्या हॉलमध्ये आरेची जुनी काचेची बाटली मनी प्लँट लावून ठेवलेली आहे त्यांनी हे मनावर घेऊ नये. किंवा घ्यावंच!

जुन्या बाजारात, ऑनलाइन, जिथे म्हणून 'व्हिंटेज' हा शब्द चालतो तिथे या बाटल्या विकल्या जातात. हरकत नाही, छंद ज्याचा त्याचा. माझा आक्षेप आहे तो सोबत येणाऱ्या उसाशावर : "तेव्हाचं दूध काय शुद्ध होतं नाही!"

अहो, त्यातल्या कितीतरी बाटल्यांत टोन्ड दूध असायचं. म्हशीच्या ७ टक्क्यांच्या आसपास फॅट असलेल्या दुधात पाणी आणि स्किम्ड पावडर घालून ते ३ टक्क्यांवर आणायचं, म्हणजे तेवढंच दूध जास्त घरांना पुरतं. ही दारा खुरोडींची कल्पना, १९४०च्या दशकातली. दूध कमी होतं म्हणूनच कार्ड होतं, आणि म्हणूनच पहाटे केंद्रावर रांग होती. आपण ज्याला नॉस्टॅल्जिया म्हणतो ती खरं तर टंचाईवर काढलेली तोड होती.

आणि दूध आलं कुठून? १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली, शहरातले गोठे गोरेगावला हलवले, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याआधीच, १९४५ च्या बॉम्बे मिल्क स्कीमपासून, चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या आणंद या छोट्या गावातून मुंबईला दूध यायला लागलं होतं. तिथे खरेदीची मक्तेदारी पोल्सन डेअरीकडे. भाव ते ठरवणार, शेतकऱ्याने मान डोलवायची. शेवटी १९४६ मध्ये खेड्याच्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूधच घातलं नाही. १४ डिसेंबर १९४६ ला त्यांचा संघ नोंदला गेला आणि १९४८ पासून तो मुंबईला दूध पाठवू लागला. पुढे त्याचंच अमूल झालं. बाटलीवर आरेचं नाव आहे, या संपाचं नाही. शोकेसमध्ये तर नाहीच नाही.

आता मुख्य मुद्दा. ती बाटली एकटी काहीच नव्हती. ती एका लूपचा भाग होती : भरली, केंद्रावर आली, घरी गेली, विसळून परत आली, डेअरीत गरम कॉस्टिकच्या पाण्याने धुतली गेली, वर नवं अॅल्युमिनियमचं झाकण, की पुन्हा रस्त्यावर. रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. इतका साधा प्रोटोकॉल, आणि लाखो घरांनी तो बिनबोभाट पाळला. म्हणजे आज तुमच्याकडे असलेली प्रत्येक बाटली ही त्या सिस्टिमचं यश नाही. ती परत गेली नाही. आपण एरर जपून ठेवलाय आणि प्रोग्रॅम डिलीट केलाय :)

"मग काय परत काच आणायची?" असं कुणी म्हणेलच. नाही. काच जड, फुटते, धुवायला पाणी लागतं, रिकाम्या क्रेट्स परत नेण्याचा डिझेलचा खर्च वेगळा. पिशवीने दूध स्वस्तात घरोघरी पोचवलं हे मान्यच करायला हवं. (आणि काचेच्या बाटलीतून चढ्या भावात 'फार्म फ्रेश' विकणाऱ्यांनी गरिबाच्या दुधाचा प्रश्न सोडवलेला नाही, हेही.)

पण पिशवी आणताना आपण फक्त काच नाही, परत करणंही काढून टाकलं. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत त्यावर उपाय होता : दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतावा छापायचा आणि रिकामी पिशवी परत घ्यायची. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत आकडा सांगितला : राज्यात रोज १ कोटी पिशव्या, ३१ टन प्लास्टिक. म्हणजे पिशवीमागे जेमतेम ३ ग्रॅम. एकटी पिशवी क्षुल्लक, म्हणूनच कुणी ती उचलत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी रिकाम्या पिशव्या घेऊन गेलो तर दुकानदार हसला. ५० पैशाचं नाणं कुठून आणू, म्हणाला. त्याचं चूक नाही. नियम लिहिणाऱ्याने परतीची गाडी, हिशेब, दुकानदाराचं कमिशन यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचवलं नव्हतं. नुसता रिक्वायरमेंट डॉक्युमेंट लिहून प्रॉडक्ट तयार होत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

दुधाची गाडी रोज पहाटे भरून येते आणि रिकामे क्रेट घेऊन परत जाते. लूप अजून अर्धा जिवंत आहे. त्या क्रेटमध्ये विसळलेल्या पिशव्या का जाऊ नयेत? ५० पैसे नकोत, दहा पिशव्यांमागे पाच रुपये बिलातून वळते करा. यूपीआयच्या देशात हे अवघड आहे असं मला कुणी सांगू नये.

हौस म्हणून बाटली ठेवा, खुशाल ठेवा. फक्त पाहुण्यांना सांगताना "आमच्या आजीच्या काळची" इथे थांबू नका. आजी ती रोज परत करायची, एवढं पुढचं वाक्यही सांगा.

असो. पटलं तर बघा, नाही पटलं तर भांडायला या.