कामगारांना कान नसतात काय?

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर 'ब्लॅक सॅबथ'चे चारही मूळ सदस्य अखेरचे एकत्र आले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑझी ऑस्बोर्न गेला. मृत्युलेखांचा पूर आला, ते स्वाभाविकच. आमचा आक्षेप आहे तो त्या निमित्ताने पुन्हा डोके वर काढणाऱ्या एका जुन्या कथेला. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर, ॲस्टन ही तिथली कामगारवस्ती, रात्रंदिवस घणांचे घाव. आणि त्या आवाजातून म्हणे हेवी मेटल जन्माला आले.

कथा सुबक आहे. संगीतप्रकाराच्या नावातच धातू असल्यामुळे ती सिद्ध करण्याची गरज कुणाला भासत नाही. खुद्द बँडच्या मंडळींनीही मुलाखतींतून तिला हातभार लावला आहे. तरीही ती आम्हाला अपुरी, आणि स्पष्टच बोलायचे तर अपमानकारक वाटते. 'द मूव्ह' आणि 'मूडी ब्लूज' हेही त्याच शहरातले. घणांचे आवाज त्यांच्याही कानी पडतच असणार. संगीत मात्र पार निराळे निघाले. मग फरक कशाने पडला? कोण काय ऐकत होते, याने. पण हा प्रश्न विचारायचा तर या पोरांना कान होते, आवडीनिवडी होत्या, अभ्यास होता, हे आधी मान्य करावे लागते.

टोनी आयोमीची हकीकत सर्वांना ठाऊक असते, पण अर्धीच. वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. इथवरची गोष्ट यंत्राची, म्हणून ती चवीने सांगितली जाते. पुढची गोष्ट अशी की, त्याच कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि उरलेल्या बोटांवर तो युरोपातला थोर जॅझ गिटारवादक झाला. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे चढवले, आणि हलक्या तारा हव्यात म्हणून गिटारवर बॅन्जोच्या तारा लावल्या. पुढे 'मास्टर ऑफ रिॲलिटी'च्या (१९७१) वेळी तारा सैल करण्यासाठी गिटार दीड स्वर खाली उतरवली. ज्याला आपण 'जड' आवाज म्हणतो, त्याच्या मुळाशी जखम आहे हे खरे. पण त्या जखमेनंतर गिटार पुन्हा हाती धरता येते, हे त्याला एका ध्वनिमुद्रिकेने शिकवले. कारखान्याने जखमही दिली आणि जँगोही दिला. दंतकथेने यंत्र तेवढे ठेवून घेतले. 'पॅरानॉइड'मधील (१९७०) 'प्लॅनेट कॅरव्हॅन'च्या अखेरीस आयोमी जे वाजवतो, ते ऐकून कुणाला पत्र्याचा कारखाना आठवत असेल तर त्याला आमचा नमस्कार.

बँडच्या नावाचेच जे पहिले गाणे, त्याची जन्मकथा गीझर बटलरने सांगितली आहे. गुस्ताव होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधील 'मंगळ' त्याला अतिशय आवडे आणि तो ते बासवर वाजवत बसे. दुसऱ्या दिवशी आयोमीने ती प्रसिद्ध तीन स्वरांची आकृती वाजवली. आपल्या परिभाषेत सांगायचे तर षड्ज, तार षड्ज आणि मग खाली तीव्र मध्यम. होल्स्टकडे षड्जावरून पंचम आणि तिथून अर्ध्या स्वराने घसरून तोच तीव्र मध्यम. (ऋग्वेदातील सूक्तांचे भाषांतर स्वतः करता यावे म्हणून होल्स्ट संस्कृत शिकला, 'सावित्री' नावाची संगीतिका त्याने रचली. यावरून हेवी मेटलचे मूळ महाभारतात शोधणारा एखादा उत्साही सहकारी निघेलच; त्याला आवरावे.) बासवादनात बटलरचा आदर्श 'क्रीम'चा जॅक ब्रूस. ऑझीचे दैवत बीटल्स, आणि त्याच्या चालीतली गेयता तिथली. याहून जास्त सांगायला नको.

गंमत अशी की, १९७० साली पहिली तबकडी आली तेव्हा लेस्टर बँग्जसारख्या समीक्षकाला 'क्रीम'चा प्रभाव लगेच दिसला होता. तो दिसला, पण हिणकस नक्कल म्हणून. पुढे ही नक्कल नव्हे हे पटले, तेव्हा कारखाना आणला गेला. शिकलेला, निवड करणारा, ऐकलेले पचवून वेगळे काढणारा कलावंत म्हणून या चौघांकडे पाहणे काही जमले नाही.

हे आम्हाला इतके झोंबते, कारण मराठीच्या वर्गात आम्ही स्वतः हेच करत आलो आहोत. मर्ढेकर शिकवताना एलियटचे नाव निघतेच. ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) उघडला की चर्चा कामाठीपुऱ्याची. एकाला प्रभाव, दुसऱ्याला अनुभव, अशी ही वाटणी. 'जळजळीत अनुभव' हे शब्द गौरवाचे वाटतात. पण ज्याच्याकडे केवळ अनुभव आहे त्याने काय वाचले, काय नाकारले, शब्द कसे घडवले, हे विचारण्याची जबाबदारी त्यांनी परस्पर टळते. आम्ही तपासलेल्या कित्येक उत्तरपत्रिकांत हा शब्दप्रयोग आहे. तो विद्यार्थ्यांना आम्हीच दिला.

राहिला बिल वॉर्ड. ढोल बडवणारा म्हणून कारखान्याच्या कथेत त्याची जागा सर्वांत पक्की. हा मनुष्य जीन क्रुपा आणि बडी रिच ऐकत वाढला. 'विकेड वर्ल्ड'चा आरंभ लावून पाहावा. झांजेवर जो झोका येतो तो तीसच्या दशकातील अमेरिकन नृत्यगृहांतला आहे. गिटार त्यावर कितीही दडपण आणो, वॉर्ड झुलतच राहतो. पुढे हेवी मेटलच्या नावाने वाजवणाऱ्या अनेकांनी त्याची गिटार उचलली, हा झोका मात्र त्यांना उचलता आला नाही, कारण क्रुपा त्यांनी ऐकलाच नव्हता.