त्र्याण्णव टक्क्यांची थाप

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक हिशेब हमखास ऐकू येतो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. म्हणजे ९३ टक्के काम शब्दांवाचूनच होते! हे खरे असते तर न येणाऱ्या भाषेतले व्याख्यान नुसते पाहून-ऐकून बहुतेक समजले असते, आणि वकिलाला पत्र लिहून सल्ला मागण्यात काही अर्थच उरला नसता.

या हिशेबाचे मूळ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७मधल्या दोन प्रयोगांत आहे. एकात सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवले गेले. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच शब्द होता आणि सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे. बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, एवढेच श्रोत्यांना ओळखायचे होते. पूर्ण वाक्य त्यात नव्हते आणि हातवारे, बसण्या-उभे राहण्याची ढबही नव्हती. दोन्ही प्रयोगांचे निकाल जोडून हे सूत्र निघाले. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे ते लागू होत नाही, हे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केले आहे. शिबिरांनी सूत्र उचलले, अट गाळली.

दुसरा लाडका दावा असा, की नजर चुकवणारा खोटे बोलत असतो. चार्ल्स बाँड आणि बेला डीपावलो यांनी २००६मध्ये खोटे ओळखण्यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. खरे-खोटे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरले. नाणे उडवूनही निम्मे अंदाज बरोबर येतात. नजरेवरून खोटे सहज पकडता आले असते, तर हा आकडा एवढा कमी नसता. शिवाय वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही आपल्याकडे अदब मानली जाते. ती लबाडीची खूण कशी ठरावी?

मग शब्दांपलीकडचे सारेच फोल? मुळीच नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आईने चेहरा निर्विकार ठेवताच तान्हे बाळ हसून, हात पुढे करून तिला बोलते करू पाहते आणि शेवटी तोंड फिरवते. जन्मांध मुले बोलताना हातवारे करतात, ऐकणाराही अंध असला तरी करतात, असे जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांना १९९८मध्ये आढळले. हातवारे म्हणजे केवळ पाहून उचललेली नक्कल नव्हे. ते बोलण्याच्या, विचार करण्याच्या क्रियेतच गुंतलेले असतात. गणित सोडवताना मुलाच्या तोंडी न आलेली रीत कधी कधी त्याच्या हातांत दिसते. सजग शिक्षकाला ती हेरता येते.

देहबोली शब्दांची जागा घेत नाही, ती त्यांच्या जोडीने चालते. आत काहीतरी चालले आहे एवढे ती सुचवते. काय चालले आहे, ते विचारूनच कळते. म्हणून मुलाखत घेणाऱ्यांना एकच सांगणे: उमेदवाराची नजर झुकली म्हणून गुण कापू नका, पुढचा प्रश्न विचारा आणि उत्तर नीट ऐका.