गाडीच्या छतावरचा अँटेना

माझा भाचा गोंदियात किराण्याचा घाऊक व्यापार करतो. आठवड्यातून तीन दिवस त्याचा 'छोटा हत्ती' आमगाव, सालेकसा, देवरी, चिचगड या बाजूच्या खेड्यांतील दुकानदारांना माल पोहोचवितो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस याच गाडीमुळे त्याचे तीस वर्षांचे एक गिऱ्हाईक तुटले.

गाव दरेकसाच्या डोंगरपट्ट्यातले. दुकानदारांनी १८,४०० रुपये यूपीआयने पाठविले. त्यासाठी ते घरामागच्या टेकाडावर चढले, कारण रेंज तेवढी तिथेच मिळते. त्यांच्या खात्यातून रक्कम वजा झाली. गाडी मात्र खाली खोलगट जागी उभी होती आणि तिथल्या नव्या मुलाच्या फोनवर काहीच उमटेना. "पैसे आल्याशिवाय माल उतरवायचा नाही, असे शेठनी सांगितले आहे," हे वाक्य त्याने चार माणसांदेखत उच्चारले आणि भरली गाडी परत फिरविली. आमगाव जवळ येताच त्याच्या फोनने निरोप दिला, की रक्कम दोन तासांपूर्वीच जमा झाली आहे. म्हणजे पैसेही आमच्याकडे आणि मालही आमच्याकडे! दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने माल पाठविला, फोनवर क्षमाही मागितली. पुढच्या महिन्याची मागणी काही आली नाही.

बँकेत सदतीस वर्षे काढल्यामुळे मला या प्रसंगात रकमेपेक्षा तो उच्चार अधिक बोचला. नियमांच्या दृष्टीने ग्राहकाचे संरक्षण भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला दिलेली रक्कम वजा होऊनही त्याला पोहोचल्याची खात्री मिळाली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत आपोआप परत यावी लागते. त्यापुढे प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई. पण चारचौघांत गेलेली पत परत करण्याची मुदत कोणत्या परिपत्रकात असणार?

भाचा चिडून म्हणाला, "मामा, गाडीवर बूस्टरच बसवून टाकतो." बाजारात तसे यंत्र विकायला ठेवलेले त्याने पाहिलेही होते. मी त्याला थांबविले, आणि आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या गोदामात असे यंत्र लटकत असेल त्यांनीही ऐकावे. बूस्टर किंवा रिपीटर हा स्वतः रेडिओलहरी वाढवून पुन्हा हवेत सोडतो. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यापासूनच असे उपकरण परवान्याविना बाळगणे गुन्हा आहे. शिवाय त्यामुळे आसपासच्या टॉवरच्या कामात व्यत्यय येऊन शेजाऱ्यांचीच रेंज बिघडते. साधा अँटेना ही वेगळी वस्तू. तो सिमकार्डाच्या राउटरला जोडलेला असतो आणि राउटरचेच 'कान' पत्र्याच्या पेटीतून बाहेर, उंचावर आणून ठेवतो.

पत्र्याच्या पेटीत लहरी शिरत नाहीत, हे या विषयाचे मूळ. रेंजच्या काड्यांवर विश्वास न ठेवता फोनच्या सेटिंगमधील सिम स्टेटस उघडून पाहावे. तिथे उणे चिन्हासह एक आकडा दिसतो, एकक डीबीएम. ओव्हरड्राफ्टसारखेच आहे: उणे जितके लहान तितकी प्रकृती बरी. ४-जीसाठी उणे ९० चांगले. उणे ११० च्या पलीकडे व्यवहार गोल गोल फिरत राहतो. दर १० डीबीला शक्ती दहापट बदलते, म्हणून दिसायला किरकोळ असलेला फरक प्रत्यक्षात मोठा असतो.

आम्ही चुंबकाच्या बैठकीचा अँटेना आणला आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. मागच्या माल ठेवण्याच्या पेटीचे छत ॲल्युमिनियमचे, चुंबक चिकटेचना! चालकाच्या केबिनवर चिकटला, पण मागची पेटी त्याहून दीड फूट उंच. गाडी टॉवरकडे पाठ करून उभी राहिली की सगळे मुसळ केरात. अखेर पेटीच्या पुढच्या कडेवर लहान कंस बोल्टने बसविला, भोकांभोवती सिलिकॉन भरले आणि केबल आत शिरण्यापूर्वी खाली झोल देऊन मग वर घेतली, म्हणजे पावसाचे पाणी झोलावरूनच गळून जाते. बांबूच्या फांद्या लागतात म्हणून अँटेना बुटकाच निवडला. चारही बाजूंनी सारखे ऐकणारा घेतला. एकाच दिशेला रोखलेला अँटेना अधिक दुरून पकडतो खरा, परंतु तो उभ्या गाडीच्या कामाचा, वळणावळणाच्या रस्त्यावर निरुपयोगी. ४-जी राउटरला एकाऐवजी दोन जोडण्या लागतात, हेही दुकानातून परत येताना कळले.

केबलबाबत मात्र कंजुषी करू नये. दुकानदाराने 'लांब असलेली बरी' म्हणून पाच मीटरची बारीक केबल गळ्यात मारली होती. तेवढ्या लांबीत आलेल्या शक्तीपैकी अर्ध्याहून अधिक वाटेतच खर्ची पडते. पूर्वी शाखेत दलालीचे दर पाहून मी असाच अस्वस्थ होत असे. आम्ही ती बदलून दीड मीटरची जाड केबल लावली. राउटर गाडीच्या १२ व्होल्टवर, मधे फ्यूज घालून.

सालेकसाच्या पुढे पेटीच्या आत उणे ११२ दाखविणारा आकडा छतावरून उणे ९९ झाला. तेरा डीबी, म्हणजे सुमारे वीसपट. पावत्या निघू लागल्या. राउटरच्या वायफायवर समोरच्या दुकानदाराचा फोनही चालतो, हा लाभ तर मनात धरलाही नव्हता. पण दोन गावांत काहीच बदलले नाही. जिथे लहर पोहोचतच नाही तिथे अँटेना तरी काय ऐकणार? पूर्वेकडच्या सीमेवर आणखी एक गंमत: फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी छत्तीसगडचा, आणि मधेच दोन्ही सोडतो.

सरकारी पातळीवर काम चालू आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलप्रभावित भागांतील २,३४३ ठिकाणचे २-जी टॉवर ४-जी करण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी जुलैत देशातील २४,६८० वंचित गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली. तोवर ज्यांच्या गाड्या जंगलपट्ट्यात जातात त्यांनी *९९# ध्यानात ठेवावे. इंटरनेट नसतानाही साध्या रेंजवर तो चालतो, मात्र एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतच. आणि नव्या मुलांना गाडीवर पाठविण्यापूर्वी एवढे अवश्य सांगावे, की निरोप आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असे नव्हे. शंका आल्यास समोरच्याच्या फोनवरील यूटीआर क्रमांक लिहून घ्यावा, आणि जुन्या गिऱ्हाइकाचा माल उतरवून मोकळे व्हावे. ही सूचना आता भाच्याच्या गाडीत छापून लावली आहे. अँटेनाहून ती स्वस्त पडली.

दिवाळीनंतर भाचा मला घेऊन त्या दुकानदारांकडे गेला. चहा झाला. त्यांनी गाडीभोवती फेरी मारून अँटेना निरखला, किंमत विचारली, आमच्या वायफायवर फोन जोडूनही पाहिला. मग गल्ल्यातून रोख रक्कम काढून मोजली आणि म्हणाले, "पावती तेवढी हाताने लिहा." सूर्य कलत आला होता, घरी जेवणाआधी पोहोचायचे होते, तरी भाच्याने पावती सावकाश, ठळक अक्षरांत लिहिली.