आधी उतार, मग रेट!

"काम एकदम पक्कं होईल साहेब, वीस वर्षं बघायला नको!" जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी अंगणाचं काम ठरवायला आलेल्या ठेकेदाराचं हे वाक्य. पप्पांनी एकच प्रश्न विचारला, "स्क्वेअर फुटाला काय घेणार?" मी शेजारीच खाटेवर मोबाईल बघत बसलो होतो. सिव्हिलचा विद्यार्थी असून मलाही दुसरा प्रश्न सुचला नाही!

जूनच्या पहिल्याच जोराच्या पावसात नव्या कोऱ्या पेव्हर ब्लॉकवरून पाणी थेट पडवीत शिरलं. बियाण्यासाठी निवडून ठेवलेला कांदा भिजला. ट्रॅक्टरची चाकं जिथून गेली तिथे ब्लॉक दबले. आजी एवढंच म्हणाली, "आम्ही अंगण चोपायचो, सारवायचो, तेव्हा पाणी बरं गटारीकडंच जायचं!"

मित्रांनो, आजीने सर्व्हेइंगचा पेपर दिलेला नाही, पण तिला उतार कळत होता. आमचं अंगण तीस फूट लांब. साठास एक उतार धरला तरी दोन टोकांत अर्ध्या फुटाचा फरक हवा. आमच्याकडे तो होता, पण घराच्या दिशेने! खाली मुरूम टाकून धुम्मस केलेलंच नव्हतं. शिवाय ब्लॉक पायवाटेचे, ५० मिलिमीटरचे. कार येणार असेल तर ६०, ट्रॅक्टर येणार असेल तर ८० मिलिमीटरचे हवेत.

दोष एकट्या ठेकेदाराचा म्हणावा का? मला तसं वाटत नाही. आपण फक्त रेट विचारतो आणि सर्वांत कमी सांगेल त्याला काम देतो. मग तो जिथे दिसत नाही तिथे, म्हणजे जमिनीखाली, काटकसर करतो. "गावात लेखी कोण मागतं? सगळं विश्वासावर चालतं," असं पप्पा म्हणतात. पण कागद म्हणजे अविश्वास नव्हे. मुरमाचा थर किती, ब्लॉक केवढा, पाणी कुठे जाणार, हे चार ओळींत लिहून घ्यावं. त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेलं एखादं अंगण बघून यावं. आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यावा.

पाणी आणि जमीन ही चेष्टा नाही, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. एप्रिल २०१७ मध्ये पुनर्वसित गावात घरं मिळाली आणि जूनच्या पावसात तिथले नवे रस्ते खचले. त्यापुढे आमचं अंगण काहीच नाही. पण काम सरकारी असो की घरचं, परीक्षा पाऊसच घेतो, आणि तिथे एटीकेटी नसते!

दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या गवंडीकाकांबरोबर आम्ही ब्लॉक उचलून पुन्हा बसवले. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'धुम्मस' हा शब्द मला तिथेच कळला. कॉलेजात ऑटो लेव्हल लावणारा मी दिवसभर काकांच्या पाण्याच्या नळीचं एक टोक धरून उभा होतो. खर्च मात्र दुप्पट झाला.

तेव्हा सुट्टीत घरी अंगणाचं काम निघालं, तर मोबाईल बाजूला ठेवा. रेटच्या आधी विचारा, "काका, पाणी कुठे जाणार?" एवढं तरी आपल्या फीमध्ये वसूल व्हायला हवं!