घडवणाऱ्याचे नाव कुठे आहे?

‘शिवकालीन आहे, घासू नका,’ असे बजावत नारायणगावच्या एका दुकानदाराने या आठवड्यात मला काळवंडलेला कलश दाखवला. तळाशी लेथच्या ताज्या गोल रेघा होत्या. काम सुबक होते, म्हणूनच संताप आला. ज्याने तो घडवला त्याला पुसून टाकून भांड्यावर साडेतीनशे वर्षे चढवली होती.

पण जुने रूप उचलणे म्हणजे फसवणूक नव्हे. चिनी कारागिरांकडे पाहा. बाराव्या शतकात सोंग सम्राट हुइझोंगने आपल्या संग्रहातल्या ८००हून अधिक प्राचीन पात्रांची सचित्र सूची करवली. तशा चित्रांवरून पुढे शतकानुशतके नवी पात्रे ओतली गेली. ‘गू’ हा शांग काळातला, कर्ण्यासारख्या तोंडाचा मद्याचा उंच पेला. मिंग काळात त्याच घाटाच्या फुलदाण्या झाल्या. त्यावर सोने आणि पाऱ्याचा लेप चढवून भांडे तापवायचे. पारा उडून जाई, सोने धरून राही. हा मुलामा देणाऱ्यांत सोळाव्या-सतराव्या शतकातला हू वेनमिंग नावाजलेला. घाट प्राचीन, आणि तळाशी स्वतःच्या नावाची मुद्रा! चीनमध्येही बनावट माल झालाच, पण हू वेनमिंगला जुन्याचा आव आणावा लागला नाही.

आपल्याकडे काय कमी आहे? जुन्नरच्या लेण्यांतला एक शिलालेख कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीची नोंद करतो. सातवाहन काळात लोक विश्वासाने पैसे ठेवत, एवढी इथल्या कासारांची पत होती. ते आपल्या भांड्यांवर खूण उमटवत असणार, असेच मी मानतो. त्यांच्या काळचा घाटही डोळ्यांसमोर आहे. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचे दर्शन घेऊन लगेच खाली उतरू नका, शेजारच्या चैत्यगृहात जा. खांबांच्या पायथ्याशी घट, माथ्याशी उलटा घट. आपली सूची दगडात कोरलेली आहे.

घोडेगाव-मंचरकडच्या घरातली जुनी घागर हातात घ्या. देणाऱ्या मामाचे नाव सापडेल, लग्नाची तारीख सापडेल. ती ठोकणाऱ्याचे नाव मात्र नसते. भांड्यावर घडवणाऱ्याचे नाव हवेच, हा माझा जुना हट्ट मी सोडणार नाही.

२०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. मग लेण्याद्रीच्या त्या घटाची मापे घेऊन पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांकडून तो तांब्यात का घडवून घेऊ नये? पायथ्याच्या दुकानांत तो नवा म्हणूनच विकावा, तळाशी कारागिराचे नाव, गाव आणि साल घालून.