चंद्रावर उतरण्याचा जुना खेळ

संगणकावरील खेळ म्हटले की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्यांना कारण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु खेळ खेळणे निराळे आणि खेळ रचणे निराळे. पतंग विकत आणून उडविणारा मुलगा आणि कामट्या तासून, खळ लावून स्वतः पतंग करणारा मुलगा, यांची वाऱ्याशी होणारी ओळख सारखी नसते. म्हणून घरच्या घरी पुन्हा रचता येईल अशा एका जुन्या व अगदी साध्या खेळाची हकीकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेतील दोन अंतराळवीर चंद्रावर उतरले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेक्सिंग्टन येथील हायस्कुलात शिकणाऱ्या जिम स्टोरर या विद्यार्थ्याने, शाळेला उपलब्ध असलेल्या पीडीपी-८ या संगणकासाठी, चंद्रावर यान उतरविण्याचा एक खेळ लिहिला. भाषा होती फोकल. या खेळात चित्र नव्हते, रंग नव्हता, संगीत नव्हते. टेलिटाइप यंत्र खडखडत कागदावर आकडे छापी आणि खेळणाऱ्याने उत्तरादाखल एक आकडा द्यावयाचा, एवढाच व्यवहार. पुढे डेव्हिड आल यांनी १९७३ साली बेसिक भाषेतील खेळांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्यात हा खेळ आला आणि दूरवर पोचला. स्टोरर स्वतः कालांतराने संगणकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

खेळाची मांडणी अशी. यान चंद्रापासून १२० मैल उंचीवर असून ताशी ३६०० मैल, म्हणजे सेकंदाला एक मैल, या वेगाने सरळ खाली येत आहे. एकूण वजन ३२,५०० पौंड. पैकी इंधन १६,००० पौंड. दर दहा सेकंदांनी खेळणाऱ्याने सांगावयाचे, की सेकंदाला किती पौंड इंधन जाळावे. शून्य चालेल, अथवा ८ ते २०० मधील कोणताही आकडा. जमिनीस टेकताना वेग जवळजवळ शून्य झाला पाहिजे. इंधन आधी संपले तर यान आदळणार.

हा खेळ रचावयास लागते तरी काय? उंची, वेग आणि इंधन हे तीन आकडे, आणि पुन्हा पुन्हा करावयाचा एक हिशेब. चंद्राचे आकर्षण दर सेकंदास वेगात ०.००१ मैलाची भर घालते. इंजिन वेग घटविते; ती घट काढण्यासाठी त्या सेकंदात जळालेल्या इंधनास १.८ ने गुणून यानाच्या त्या क्षणीच्या वजनाने भागावे. मग उंचीतून वेग वजा करावा, इंधन कमी करावे आणि फिरून पहिल्या पायरीवर यावे. पडताळा हवा असेल तर पहिले दहा सेकंद इंजिन बंदच ठेवावे. वेग ताशी ३६३६ मैल आणि उंची सुमारे १०९.९५ मैल आली, की रचना बरोबर झाली असे समजावे.

यानंतर मुलांच्या ध्यानात एक गोष्ट आपोआप येते. प्रारंभी यान जड असते. तेव्हा सेकंदाला २०० पौंड इंधन जाळूनही वेग फार घटत नाही. इंधन संपत आले म्हणजे यान हलके होते आणि तेवढ्याच इंधनात वेगाची घट जवळजवळ दुप्पट होते. मात्र घाबरून आरंभापासूनच ब्रेक लावीत बसणारा खेळाडू इंधन गमावतो, कारण उतरण्यास जितका अधिक वेळ लागतो तितका वेळ चंद्राचे आकर्षण वेगात भर घालीत राहते. धीर धरून योग्य क्षणी पूर्ण जोर लावणारा सुखरूप उतरतो. त्सिओल्कोव्हस्की या रशियन शिक्षकाने १९०३ साली प्रसिद्ध केलेले अग्निबाणाचे सूत्र वजन आणि वेग यांचा हा संबंध सांगते. त्यातील लॉगॅरिदम काढण्यासाठी स्टोररने मालिकेची पाच पदे वापरली होती. एका शाळकरी मुलाने खेळासाठी हे करावे, याचे आम्हां शिक्षकांस विशेष कौतुक वाटते.

मात्र या हकीकतीचा खरा बोध पुढेच आहे. दहा सेकंदांच्या मधल्या काळात यान जमिनीस टेकून पुन्हा वर उचलले जाण्याचा संभव असतो. तो क्षण शोधण्यासाठी स्टोररने वर्गसमीकरणावरून एक सूत्र बसविले होते. त्यात एके ठिकाणी दोनाने भागावयाचे राहून गेले. बेसिकमध्ये उतरविताना ती चूकही जशीच्या तशी उतरली आणि पंचावन्न वर्षे तशीच राहिली. अखेर २०२४ साली मार्टिन सी. मार्टिन यांनी, कमीत कमी इंधनात यान कसे उतरवावे याचा शोध घेताना, मूळ गणित पहिल्यापासून मांडून पाहिले, तेव्हा ती उघडकीस आली. नक्कल करणाऱ्याच्या हाती दुसऱ्याची चूकही इमानाने येते. समजून पुन्हा मांडणाऱ्यासच ती दिसते. गाइडमधील उत्तरे पाठ करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस, आणि ती पाठ करवून घेणाऱ्या आम्हां शिक्षकांस, याहून अधिक काय सांगावे?

पण हा खेळ आपल्या घरांत रचला जावा असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव वा हैदराबाद येथील आपल्या मुलांपैकी अनेकांचे शिक्षण हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू अथवा इंग्रजीतून होते. मराठी उरते ती देवघरापुरती आणि आजीच्या गोष्टींपुरती. ज्या भाषेत हिशेब मांडला जात नाही, ती हळूहळू सणावारापुरती होते. सध्या प्रचारात असलेल्या पायथन या संगणकभाषेत आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागतात. पण राशींची नावे उंची, वेग, इंधन अशी देवनागरीत लिहिता येतात आणि खेळणाऱ्याने टंकलेले मराठी आकडेही ती ओळखते. यान आदळल्यावर कोणती शेलकी मराठी छापावी, हे ज्याने त्याने ठरवावे. आजोबांस संगणक येत नसला तरी बिघडत नाही. वहीत पेन्सिलीने पहिल्या पाच ओळींचा पडताळा त्यांनी घ्यावा आणि नातवाने तो पडद्यावरील आकड्यांशी जुळवावा.

खऱ्या यानाचा मार्ग याहून पुष्कळ अवघड असतो. ते तिरपे, जवळजवळ आडवे येत असते. चांद्रयान-३ ने उतरण्यास प्रारंभ केला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर होता. या खेळातील एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, हे येथे लक्षात घ्यावे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपला ‘विक्रम’ आदळला आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी दुसरा ‘विक्रम’ अलगद टेकला. त्या दोन दिवसांच्या मधल्या चार वर्षांत आपल्या शास्त्रज्ञांनी काय केले असेल, याची पुसटशी कल्पना हा आकड्यांचा खेळ स्वतः रचणाऱ्या मुलास येईल. येत्या सुटीतील दोन दुपारी त्यास पुरेशा आहेत.